खेळण्याच्या पायथ्याशी एक फारसी कवी : महमूद गावान आणि उपरेपणाचा प्रश्न

मलकापूर सोडून गजापूरमार्गे विशाळगडाकडे निघालेल्या प्रत्येक इतिहासप्रेमीच्या मनात एकच साल असते, १६६०. पन्हाळ्याचा वेढा, पावसाळी रात्र, पावनखिंड, बाजीप्रभू. ते स्वाभाविकच आहे. परंतु याच गडाने त्याआधी १९० वर्षे एक दुसरा वेढा पाहिला होता. गडाचे नाव तेव्हा खेळणा होते. वेढा घालणाऱ्या सेनापतीचा जन्म कास्पियन समुद्राकाठच्या गीलान प्रांतात झालेला. तो फारसीतील कवी होता, पत्रलेखनकलेवरील ग्रंथाचा कर्ता होता आणि बहमनी सल्तनतीचा वजीर होता. हा धागा त्याच्याविषयी, ख्वाजा महमूद गावानविषयी आहे.

पाठ्यपुस्तकांत गावान दोन ओळींत आटोपतो : बिदरचा मदरसा बांधला, कारस्थानाला बळी पडला. समाजमाध्यमांवर त्याची दोन टोकांची चित्रे फिरतात. एका चित्रात तो निष्कलंक, विद्वान, गैरसमजाने मारला गेलेला महामंत्री असतो; दुसऱ्यात कोकणावर चालून आलेला परदेशी आक्रमक. दोन्ही चित्रांना आधार आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. गावानने दख्खनच्या राज्यकारभारात देशी आणि परदेशी यांचा तोल जितक्या काटेकोरपणे सांभाळला, तितका त्याच्या आधी कोणी सांभाळला नव्हता. त्याची लेखणी मात्र अखेरपर्यंत इराणकडे तोंड करून बसली. त्याच्या कर्तृत्वाइतकीच ही विसंगतीही विचारात घेतली पाहिजे.

प्रारंभ दाभोळच्या बंदरापासून. गीलानच्या राज्यकर्त्यांच्या दरबारी गावानच्या घराण्यात मंत्रिपदे होती. दरबारी हेव्यादाव्यांमुळे त्याला मायभूमी सोडावी लागली आणि पुढील बराच काळ त्याने व्यापार व विद्याव्यासंग यांत घालवला. १४५३ च्या सुमारास, वयाची चाळिशी ओलांडल्यावर, तो कोकणात दाभोळला उतरला. बिदरमध्ये शाह निमतुल्लाह किरमाणी या सूफी सत्पुरुषाचे वंशज राहत होते. त्यांचे दर्शन घ्यावे, थोडा व्यापार करावा आणि पुढे जावे, असा त्याचा बेत असल्याचे इतिहासकार फिरिश्ता लिहितो. सुलतान अलाउद्दीन अहमदने त्याला ठेवून घेतले आणि एक हजाराची मनसब दिली. गीलानचा व्यापारी बहमनी सरदार झाला.

हे एकट्या गावानचे नशीब नव्हते. बहमनी सुलतानांनी इराण, इराक, अरबस्तान, मध्य आशिया येथून माणसे बोलावण्याचा सपाटाच लावला होता. त्यांना आफाकी म्हणत, म्हणजे क्षितिजापलीकडून आलेले. यांच्या समोर दख्खनी उभे होते : उत्तरेतून पिढ्यांपूर्वी येऊन इथलेच झालेले मुसलमान आणि इथलेच धर्मांतरित. हबशी सरदारही बहुधा दख्खनी पक्षात असत. वाद रक्ताचा कमी आणि पदांचा, जहागिरींचा, सुलतानाच्या कानाचा अधिक होता. ज्याची भाषा फारसी तो सुसंस्कृत, हा आफाकींचा समज होता. आणि काल जहाजातून उतरलेला आज आपल्या डोक्यावर बसतो, हे दख्खनींचे दुखणे. दुखणे खोटे नव्हते, हे मान्य करायला हरकत नाही. १४७० च्या आसपास चौल आणि जुन्नरमार्गे बिदरला आलेला रशियन व्यापारी अफानासी निकितिन याने राज्य खुरासानी लोकांच्या हाती असल्याचे, उमराव ऐषारामात आणि खेड्यांतील प्रजा हलाखीत असल्याचे नोंदवून ठेवले आहे. निकितिन दोन्ही पक्षांना परका होता, म्हणून त्याच्या शब्दाला वजन आहे.

या वैराचा सर्वांत काळा प्रसंग सह्याद्रीच्या याच टापूत सुरू झाला. गावान दख्खनमध्ये आला त्या काळाच्या आसपास बहमनींचा एक सेनापती कोकण जिंकायला निघाला. त्याचे नाव खलफ हसन, किताब मलिक-उत्-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा. वाटेत त्याने शिर्के घराण्याच्या एका सरदाराचा किल्ला घेतला. शिर्क्याने शरणागतीचे नाटक केले आणि खेळण्याच्या राजाकडे जाण्याची वाट दाखवण्याचे कबूल केले. ती वाट त्याने दाखवली. दाट रान, अरुंद खिंड, आणि पुढे राजाची माणसे दबा धरून बसलेली. सेनापतीसह बहुतेक फौज कापली गेली. वाचलेले आफाकी कसेबसे चाकणला पोहोचले. तिथे दख्खनी सरदारांनी सुलतानाला लिहून कळवले की हे लोक कोकणच्या राजांना फितूर झाले आहेत. सुलतानाने शहानिशा केली नाही. चाकणच्या किल्ल्यातून अभय देऊन बाहेर काढलेल्या त्या माणसांची कत्तल झाली. एका पत्राने ती माणसे मेली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आणि मलिक-उत्-तुज्जार हा किताब पुढे सुलतान हुमायूनने महमूद गावानला दिला.

हुमायूननंतर दोन अल्पवयीन सुलतान गादीवर आले. १४६१ पासून राजमाता, ख्वाजा जहान तुर्क आणि गावान अशा तिघांच्या मंडळाने कारभार पाहिला. १४६२ मध्ये माळव्याचा महमूद खलजी बिदरवर चालून आला, राजधानी शत्रूच्या हाती गेली. गुजरातच्या महमूद बेगड्याची मदत मिळवून राज्य वाचवण्यात आले. १४६६ मध्ये ख्वाजा जहान तुर्काचा काटा दूर झाला आणि गावान वजीर बनला. हा काळ दरबारी घडामोडींचा आहे. खेळण्याच्या वाटेवर असलेल्या वाचकाने त्यात फार अडकू नये.

१४६९ मध्ये त्याने कोकणची मोहीम हाती घेतली. कारण म्हणून खेळणा आणि संगमेश्वरच्या राजांच्या गलबतांचा उपद्रव सांगितला जातो. व्यापारी आणि हज यात्रेकरू यांची जहाजे ते लुटत, असा आरोप होता. हा आरोप आपल्याला फक्त एका बाजूकडून ऐकू येतो. आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजाकडून जकात घेणे आणि ते लुटणे यांतील रेषा त्या काळी कोण आखत होता, हे शिर्क्यांना किंवा खेळण्याच्या शंकररायाला विचारण्याची सोय उरलेली नाही. त्यांचे एकही पत्र आपल्यापुढे नाही. गावानचे हेतू मात्र स्पष्ट वाचता येतात. तो वजीर होता आणि पिंडाने व्यापारी होता. अरबी घोडे समुद्रावाटे येत, दख्खनच्या लष्कराचा प्राण त्या घोड्यांत होता, आणि गोव्याचे बंदर विजयनगरकडे असल्याने तिथे उतरणारा घोडा शत्रूच्या तबेल्यात जात होता. कोकणचा किनारा हाती आला, तर शत्रूचा घोडा अडवता येणार होता आणि आपला सुरक्षित होणार होता.

खलफ हसनची चूक त्याने केली नाही. घाईने रानात शिरण्याऐवजी त्याने रान तोडायला आणि जाळायला लावले, आणि मग खेळण्याला वेढा घातला. पाच महिने वेढा चालला, गड पडला नाही. मग पावसाळा आला. आंब्याचा, गजापूरचा पाऊस ज्याने अंगावर घेतला आहे, त्याला या वाक्याचा अर्थ समजावून सांगायला नको. घाटवाटा रोखण्यासाठी दहा हजार माणसे मागे ठेवून सेनापती मुख्य फौजेसह कोल्हापूरला आला आणि छावणीसाठी झोपड्या उभारून त्याने पावसाळा तिथेच काढला, असे फिरिश्ता सांगतो. भुदरगडाकडचा रांगणाही याच मोहिमेत पडला. पुढच्या हंगामात खेळणा मिळाला, तो तलवारीपेक्षा पैसा, खिलती आणि वाटाघाटी यांच्या बळावर. नंतर संगमेश्वर शरण आले आणि १४७२ च्या आरंभी गोवा घेतला गेला.

कोल्हापूरच्या त्या ओल्या छावणीत बसलेला मनुष्य काय लिहीत होता? त्याच्या पत्रांचा संग्रह ‘रियाज-उल-इन्शा’ या नावाने टिकून आहे. १९४८ मध्ये तो हैदराबादेत छापला गेला. पत्रलेखनाच्या शास्त्रावर त्याने ‘मनाझिर-उल-इन्शा’ हा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याची कविता आज मुख्यतः या पत्रांत विखुरलेली सापडते. कोकण मोहिमेतून लिहिलेल्या पत्रांत सह्याद्रीचे अरण्य आहे, दुर्गम कडे आहेत आणि त्याहून अधिक बिदरमधील विरोधकांविषयीची कडवट तक्रार आहे : आपण इथे रानात झुंजतो आहोत आणि तिथे आपली मदत तोडली जाते आहे. गद्य अतिशय अलंकृत. एका साध्या गोष्टीसाठी तीन उपमा, मध्येच अरबी वचन, मग शेर. आजच्या वाचकाला ते थकवते; तेव्हाच्या फारसी जगात याच शैलीवर लेखकाची पत ठरत असे.

ही पत्रे कोणाला जात? हेरातच्या जामीला, फारसीतील त्या युगाच्या सर्वांत मोठ्या कवीला. इस्तंबूलच्या सुलतान दुसऱ्या मेहमेदला. जलालुद्दीन दवानीसारखे तत्त्वज्ञही त्याच्या ओळखीच्या वर्तुळात होते. गावानने जामीला दख्खनमध्ये येण्याचे आग्रहाचे निमंत्रण दिले. जामी आला नाही. तरीही सह्याद्रीच्या एका सेनानीचे नाव हेरातच्या विद्वन्मंडळात आदराने घेतले जात होते, हे त्याचे यश लहान नाही.

आणि इथेच त्याच्या लेखणीची मर्यादा दिसते. गावान या भूमीत जवळजवळ अठ्ठावीस वर्षे राहिला. ज्या बिदरमध्ये तो फारसी पत्रे घडवत होता, त्याच बिदरच्या छायेत फख्र-ए-दीन निजामीने ‘कदमराव पदमराव’ हे दख्खनी भाषेतील काव्य लिहिले. इथल्या बोलीला काव्याची भाषा करण्याचे काम सुरू झाले होते. मराठी मुलुखात बिदरच्या सुलतानाच्या कथा भक्तांच्या ओठांवर रुळत होत्या : दामाजीपंतांची कथा, आणि पुढे ‘गुरुचरित्रा’त आलेली, नृसिंहसरस्वतींच्या दर्शनाला आलेल्या बिदरच्या राजाची कथा. बिदर आणि पंढरपूर, बिदर आणि गाणगापूर यांना जोडणारा एक धागा लोकमानसात होता. कोल्हापुरात पावसाळा काढलेल्या वजिराला त्या धाग्यात जागा मिळाली नाही. त्याच्या पत्रांतही या लोकांना जागा नाही. तिथे ते वाट अडवणारे, फसवणारे, जिंकायचे असे येतात. ज्या भूमीचा महसूल त्याने मोजला, तिची भाषा त्याने लेखणीला लावली नाही. त्याला दोष देण्यासाठी हे सांगायचे नाही. त्याच्या वर्गातील जवळजवळ कोणीच ते केले नाही. पण ‘त्याला परका ठरवून मारले’ असे म्हणताना हेही सांगितले पाहिजे.

याच वर्षांत जगाच्या दुसऱ्या टोकाला एक इटालियन कवी असेच आयुष्य जगत होता. फिलिप्पो बुओनाकोर्सी त्याचे नाव. ‘कालिमाखस’ हे त्याने घेतलेले विद्वन्नाम. १४६८ मध्ये पोपविरुद्धच्या कटाचा आरोप आल्यावर तो रोममधून पळाला आणि भटकत १४७० मध्ये पोलंडला पोहोचला. तिथे तो राजपुत्रांचा शिक्षक, राजाचा सल्लागार आणि वकील झाला. लिहीत राहिला लॅटिनमध्ये, कारण गावानची जशी फारसी तशी त्याची लॅटिन : कोणत्याही एका देशाची नसलेली, सगळ्या दरबारांना लागणारी भाषा. पोलिश सरदारांना हा उपरा सल्लागार खुपत असे. राजसत्ता बळकट करून सरदारांचे पंख छाटण्याचा उपदेश तो करतो, अशी त्याच्याविषयीची तक्रार होती. तरीही राजे त्याच्या पाठीशी उभे राहिले आणि १४९६ मध्ये तो क्राकूव येथे आपल्या अंथरुणात मरण पावला. गावानच्या सुलतानाकडे तेवढा धीर नव्हता.

गावानने सरदारांचे पंख प्रत्यक्षात छाटले. बहमनी राज्याचे चार तरफ होते. प्रत्येक तरफदार आपल्या प्रांतातील सगळ्या किल्ल्यांवर आपले किल्लेदार नेमी आणि राजासारखा वागे. गावानने चारांचे आठ केले. वऱ्हाडचे गाविलगड आणि माहूर झाले, दौलताबादमधून जुन्नर वेगळे निघाले, गुलबर्ग्यातून विजापूर, तेलंगणचे राजमहेंद्री आणि वरंगळ. तरफदाराकडे एकच किल्ला उरला. बाकीच्या किल्ल्यांवर सुलतानाची नेमणूक. जमिनीची मोजणी सुरू झाली. सैन्याचे वेतन वाढवले गेले, पण कागदावर दाखवलेली आणि हजेरीला नसलेली माणसे निघाली की त्यांचा पैसा वसूल होऊ लागला. खोट्या हजेरीवर जगणाऱ्या सरदाराला यापेक्षा मोठा शत्रू कोण वाटणार?

नेमणुकांत त्याने तोल राखला होता. गाविलगड फतहुल्लाह इमाद-उल्-मुल्ककडे, माहूर आणि गुलबर्गा हबशी सरदारांकडे, राजमहेंद्री मलिक हसनकडे. दौलताबाद आणि जुन्नर आफाकींकडे. विजापूर त्याने स्वतःकडे ठेवले, आणि तिथे समदृष्टीचा त्याचा दावा थोडा लंगडा पडतो. त्याच्याविरुद्ध उभा राहिला तो मलिक हसन. हा मूळचा मराठी मुलुखातील पाथरीचा, ब्राह्मण कुटुंबात जन्मलेला, लहानपणी कैद होऊन धर्मांतरित झालेला. तेव्हा ‘उपरा विरुद्ध देशी’ या लढाईतला देशी कोण, याचे उत्तर इथे अंगावर येते : खलनायक म्हणून रंगवला जाणारा मलिक हसन हा गोदाकाठचाच पुत्र होता.

कट साधा होता. गावानचा शिक्का ज्याच्या ताब्यात असे त्या गुलामाला दारू पाजून, फितवून एका कोऱ्या कागदावर शिक्का मारून घेतला. त्यावर ओरिसाच्या पुरुषोत्तम गजपतीला उद्देशून बहमनी राज्यावर चालून येण्याचे निमंत्रण लिहिले. सुलतान मुहम्मद तेव्हा कोंडापल्लीच्या छावणीत होता आणि मद्याच्या अंमलाखाली होता. ५ एप्रिल १४८१ रोजी गावानला बोलावणे गेले. जाऊ नका, गुजरातकडे निघून जा, असे मित्रांनी सुचवले, तो गेला. शिक्का माझा आहे, पत्र माझे नाही, असे त्याने सांगितले. सुलतानाने चौकशी केली नाही. जौहर नावाच्या हबशी सेवकाने तिथेच त्याचे डोके उडवले. पत्रलेखनावर ग्रंथ लिहिणारा मनुष्य न लिहिलेल्या पत्रासाठी मेला. वाक्यरचना पाहिली असती, तरी हे त्याचे लेखन नव्हे हे कोणाही जाणत्या मुनशीने सांगितले असते. पण तिथे मुनशीला कोणी बोलावले नाही, जसे चाकणच्या वेळीही बोलावले नव्हते.

मृत्यूनंतर त्याच्या खजिन्याची झडती झाली. फिरिश्ता लिहितो, सुलतानाला मोठे घबाड अपेक्षित होते आणि हाती लागले ते नगण्य. इराणहून येताना आणलेल्या चाळीस हजार लारींच्या भांडवलावर गावान आयुष्यभर व्यापार करत राहिला; घरखर्च त्या नफ्यातून आणि जहागिरीचे उत्पन्न फौजेवर व दानधर्मात, असा हिशेब त्याच्या खजिनदाराने दिला. गोवा जिंकून परतल्यावर सुलतान आठवडाभर त्याच्या घरी राहिला होता. पाहुणे गेल्यावर गावानने खोलीत कोंडून घेतले, रडला, आणि मौल्यवान वस्तू फकीर व विद्वानांना वाटून टाकल्या. ग्रंथ, घोडे आणि हत्ती तेवढे ठेवले. ग्रंथ विद्यार्थ्यांचे आणि घोडे, हत्ती सुलतानाचे, म्हणून. ही कथा भक्तीने लिहिली गेली आहे, थोडी सजवलेलीही असेल. पण १४७२ मध्ये बिदरला उभा राहिलेला मदरसा सजवलेला नाही. तीन मजले, रंगीत इराणी फरशीकाम, विद्यार्थ्यांच्या खोल्या, आणि तीन हजार ग्रंथांचे म्हणून सांगितले जाणारे ग्रंथालय. सतराव्या शतकाच्या अखेरीस तिथे साठवलेल्या बंदुकीच्या दारूचा स्फोट झाला आणि इमारतीचा मोठा भाग कोसळला. उरलेल्या एका मिनारावर निळ्या फरशा अजून आहेत.

पुढील घटनाक्रम वेगाने गेला. सुलतान वर्षभरात वारला. मलिक हसनही काही वर्षांत मारला गेला. त्याचा मुलगा मलिक अहमद याने १४९० मध्ये निजामशाही स्थापली. गावानचा आश्रित यूसुफ आदिलखान विजापूरला स्वतंत्र झाला, फतहुल्लाह वऱ्हाडात. शहाजीराजे आणि शिवछत्रपती ज्या दख्खनमध्ये वाढले, त्याचा नकाशा गावानने पाडलेल्या आठ तुकड्यांवरच आखला गेला. कोल्हापूरच्या वाट्याला बहादूर गीलानी आला. त्याने गोवा, दाभोळ, पन्हाळा, कोल्हापूर असा मुलूख बळकावून बंड केले आणि किनाऱ्यावर जहाजे लुटली. ज्या कारणासाठी गावान खेळण्यावर चालून आला होता, तेच काम गीलानच्याच एका माणसाने वीस वर्षांनी त्याच किनाऱ्यावर केले. १४९४ मध्ये तो लढाईत मारला गेला.

खेळणा पुढे आदिलशाहीत गेला. १६५९ मध्ये शिवाजी महाराजांनी तो घेतला आणि त्याचे नाव विशाळगड ठेवले. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी त्याची तटबंदी पाडली आणि जहागिरीचे ठाणे मलकापुरास आले. गडावर जाणारी आजची वाट सोपी आहे. ज्या रानाने एक मलिक-उत्-तुज्जार गिळला आणि दुसऱ्याला पाच महिने अडवून धरले, त्याचा काही भाग त्या वाटेच्या दोन्ही बाजूंना अजून शिल्लक आहे.